मुलाला कुरआनच्या सुरा पाठ आहेत, दुआ येतात, पण अखलाक (चांगलं वागणं) कसे शिकवायचे?

कळंबोलीची अम्मी

अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. थोडं लांबलचक लिहितेय, वाचून घ्या प्लीज.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत, इंग्लिश मिडियम. गाव आमचं म्हसळ्याकडे पण राहतो नवी मुंबईत, मुलांचे अब्बा कतारला नोकरीला, त्यामुळे घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं. मोठा मगरीबनंतर (संध्याकाळच्या नमाजनंतर) मकतबला, म्हणजे मुलांच्या दीनी वर्गाला जातो. नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) संपून नाजरा (कुरआन बघून वाचणं) चालू आहे, अम्मा पाऱ्यातल्या, म्हणजे कुरआनच्या शेवटच्या भागातल्या बऱ्याच सुरा पाठ आहेत, जेवायची, झोपायची, घरातून बाहेर पडायची सगळ्या दुआ येतात, मकतबच्या जलशात बक्षीस पण मिळालं माशाअल्लाह. लोक म्हणतात किती छान तरबियत (संस्कार) केलीस. पण मला आतून काहीतरी खटकतंय.

एक म्हणजे खोटं बोलतो आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. गेम खेळत होता तरी सबक (मकतबचा धडा) करत होतो म्हणणार. दुसरं, बिल्डिंगच्या वॉचमन काकांशी ज्या सुरात बोलतो तो मला अजिबात आवडत नाही. आणि तिसरं ज्याच्यामुळे खरंतर लिहायला बसले. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा मुलगा आणि हा नर्सरीपासूनचे दोस्त, रमजानमध्ये इफ्तारीची प्लेट तिकडे जाते, दिवाळीत फराळ इकडे येतो. यंदा गणपतीत त्यांच्याकडे गेला आणि त्या पोराला सरळ म्हणाला, तुम्ही मूर्ती ठेवता ना, तू जहन्नममध्ये जळणार. ते पोर रडत आत गेलं. काकू काही वाईट बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळी दारात येऊन विचारलं की अगं तो असं का म्हणाला गं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्याला विचारलं कुठे ऐकलंस तर म्हणे दादीच्या फोनवर एका व्हिडिओत.

सासूबाई म्हणतात आता दहाचा होईल, हदीसमध्येच (पैगंबरांच्या शिकवणीतच) आहे दहाव्या वर्षी मारायचं, दोन लावल्या की सगळं सरळ होईल. माझं मन तयार होत नाही, पण हदीसचं नाव घेतलं की पुढे काय बोलणार. मारणं खरंच दीनमध्ये सांगितलंय का? आणि खोटं, उद्धटपणा, हे जहन्नमचं बोलणं, यावर आपल्या दीनच्या चौकटीत राहून काय करता येईल? शाळेत व्हॅल्यू एज्युकेशनचा तास असतो पण तो वेगळा आणि मकतब वेगळं, मुलाच्या डोक्यात दोन्हीचा मेळच नाही.

मिरजेची आपा

वालैकुम अस्सलाम बहन. मी मकतबमध्ये लहान मुलामुलींना शिकवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे आतून काय चालतं ते सांगते.

एक तास असतो. वर्गात तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाचा सबक वेगळा, कुणी कायद्यावर कुणी तिसऱ्या पाऱ्यावर. एकेकाचं ऐकायचं, मखरज (अक्षराचा उच्चार) दुरुस्त करायचं, पुढचा सबक द्यायचा, हजेरी, फी, आणि अजान. मुंबईच्या दीनियात इदाऱ्याचा कोर्स आता खूप मकतबांत आहे, त्यात कुरआन, हदीस, अकाइद-मसाइल (श्रद्धा आणि नियम), इस्लामी तरबियत आणि जबान (भाषा) असे पाच भाग केलेत, म्हणजे कागदावर तरबियतला जागा आहे. पण परीक्षेत विचारणार काय? दुआ म्हणून दाखव. मूल म्हणून दाखवतं, मार्क मिळतात, विषय संपला. वॉचमनशी कसं बोललास हे कुठल्या परीक्षेत विचारणार. उस्तादांना दोष देत नाहीये, बहुतेक जण फार कमी पगारावर जीव तोडून शिकवतात. पण अखलाकचं काम त्या एका तासावर सोपवून आपण मोकळे झालो तर ते होणार नाही एवढंच.

आता रसूलुल्लाह (स.), म्हणजे आपले पैगंबर हुजूर, मुलांना कसं शिकवायचे ते बघा ना. उमर बिन अबी सलमा (र.) म्हणजे उम्मे सलमा (र.) यांचा मुलगा, हुजूरांच्या घरात वाढलेला. स्वतः सांगतात की मी लहान होतो, जेवताना माझा हात ताटात सगळीकडे फिरायचा. हुजूर (स.) म्हणाले, बाळा, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, तुझ्या समोरचं खा. बस, तीन वाक्यं. जेवायच्या जागी, जेवताना, सोबत बसून. लेक्चर नाही, चारचौघांत लाज काढणं नाही. आणि ते म्हणतात त्यानंतर माझी जेवायची रीत कायम तीच राहिली. आम्ही ही हदीस पाठ करून घेतो मुलांकडून, पण ती ज्या पद्धतीने सांगितली गेली ती पद्धत कुणी उचलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

खोटं बोलण्याबद्दल अबू दाऊद या हदीसच्या किताबात एक किस्सा आहे, मी पालकांच्या मीटिंगला दरवेळी सांगते. अब्दुल्लाह बिन आमिर (र.) लहान असताना त्यांच्या आईने हाक मारली, इकडे ये, तुला काहीतरी देते. हुजूर (स.) घरात बसलेले होते, त्यांनी आईला विचारलं काय देणार होतीस? त्या म्हणाल्या खजूर. तेव्हा म्हणाले, काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाला विचारलं नाही बघा, आईला विचारलं. आता आपल्या घरात बघा, इंजेक्शन टोचणार नाहीत डॉक्टर, चल आइस्क्रीमला जाऊ, फोन आला की सांग अम्मी नमाजला बसलीये. मूल हे सगळं ऐकत असतं आणि शिकत असतं, त्याला वेगळा सबक द्यावा लागत नाही.

खेडचे मास्तर

मी उर्दू शाळेतून रिटायर झालेला शिक्षक. बेटी, तुझा प्रश्न फार मोलाचा आहे, हल्ली लोक मुलाचा हिफ्ज (कुरआन पाठ करणं) किती झाला एवढंच विचारतात.

आधी मारण्याचं घेतो कारण तिथे तू अडकली आहेस. हदीस आहे, अबू दाऊदमध्ये आहे, नाही म्हणून चालणार नाही. सात वर्षांचे झाले की मुलांना नमाज सांगा, दहाचे झाले की न पढल्यास मारा, आणि त्यांचे बिछाने वेगळे करा. पण ती पूर्ण वाच. पहिली गोष्ट, ती नमाजबद्दल आहे. खोटं बोलला, उलट बोलला, मार्क कमी पडले, याला ती लावायची नाही. दुसरी, सात ते दहा ही तीन वर्षं आहेत, त्यात रोज पाच वेळा प्रेमाने बोलावणं आहे, सोबत उभं करणं आहे. ती तीन वर्षं ज्याने दिली नाहीत तो थेट दहावर कसा उडी मारतो? तिसरी, आपण कोकणातले शाफई असोत की घाटावरचे हनफी (दोन्ही आपले फिकही पंथ), फुकहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) यावर इतक्या अटी घातल्यात की रागाने हात उचलणारा कुणीच त्यात बसत नाही. चेहऱ्यावर नाही, इजा होईल असं नाही, आणि फायदा होणार नसेल तर नाहीच. शिवाय हजरत आयेशा (र.) सांगतात की जंगचं मैदान सोडलं तर रसूलुल्लाह (स.) यांनी आपल्या हाताने कधी कुणाला मारलं नाही, ना बीवीला ना खादिमाला. हजरत अनस (र.) दहा वर्षं खिदमतीत होते, म्हणतात की मला कधी उफ सुद्धा म्हणाले नाहीत, एखादं काम केलं तर का केलंस आणि नाही केलं तर का नाही केलंस असं विचारलं नाही. सुन्नत म्हणून हेही मुलांच्या दादीला सांग. अदबीने सांग, त्यांनीही तशीच मुलं वाढवलीत, त्या काळी तेच समजत होतं.

आता खोटं. इतिहासकार इब्ने खल्दून (मृत्यू १४०६) आपल्या मुकद्दिमा या किताबात साफ लिहून गेलाय की ज्या मुलांना सक्तीने आणि जबरदस्तीने शिकवलं जातं त्यांची उमेद मरते, ती आळशी होतात आणि माराच्या भीतीने खोटं बोलायला लागतात, मनात एक आणि तोंडावर एक अशी सवयच लागते. सहाशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे. मी नोकरीत हे इतक्या वेळा पाहिलंय, ज्या वर्गात छडी जास्त त्या वर्गातली पोरं सगळ्यात सफाईने खोटं बोलणार. म्हणून तुझा मुलगा गेम खेळत होतो असं खरं सांगेल त्या दिवशी त्याला काय मिळणार ते आधी ठरव. खरं सांगूनही तोच ओरडा मिळणार असेल तर त्याने का सांगावं?

इमाम गजाली (मृत्यू ११११) यांच्या इहया उलूमिद्दीन या किताबात मुलांच्या तरबियतवर खास मजकूर आहे. म्हणतात मूल ही आईबापांकडची अमानत आहे. मुलाने एखादी चूक पहिल्यांदा केली आणि तो स्वतःच ती लपवतोय तर काणाडोळा करा, पडदा फाडू नका, कारण एकदा उघडा पडला की त्याची भीड चेपते. पुन्हा केलं तर एकांतात समज द्या. आणि सारखं रागावू नका, सारखं ऐकून ऐकून त्याला बोलण्याचं काही वाटेनासं होतं. अजून एक, मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्या असं ते आग्रहाने लिहितात, नाहीतर दिल मरून जातं आणि अक्कल मंद होते. शाळा, ट्यूशन, मकतब आणि मग पुन्हा होमवर्क, यात तुझ्या मुलाला मैदान किती वेळ मिळतं बेटी? मोबाइलचा गेम मी खेळात धरत नाही.

बर्मिंगहॅमकर

सलाम. मी मूळचा चिपळूणकडचा, मुलं इथेच जन्मलेली. वरचं सगळं पटलं पण एक सांगतो, हल्ली सगळीकडे प्रेम प्रेम आणि प्रेम एवढंच चाललंय, भीती हा शब्दच नको. कुरआनमध्ये जन्नत आहे तशी जहन्नम पण आहे, आणि सूरे तहरीममध्ये सांगितलंय की स्वतःला आणि आपल्या घरच्यांना आगीपासून वाचवा. इथे शाळेत मुलांना सांगतात जे तुला बरोबर वाटतं ते बरोबर. संध्याकाळी मदरशात दोन तास जातात ती आणि घरी आम्ही, एवढंच आहे आमच्याकडे. सोळा वर्षांच्या पोराला रात्री मित्रांनी काही ऑफर केलं तर त्याला कशाने थांबवणार? अल्लाह बघतोय हे मनात नसेल तर बाकीचं सगळं वरवरचं आहे. त्यामुळे ताई, मुलाला मारू नका हे ठीक, पण हराम-हलाल आणि आखिरत (मेल्यानंतरचा हिशेब) याबद्दल गुळमुळीत पण बोलू नका. आमच्या ओळखीच्या घरांत तसं झालं आणि आता मुलं जुम्म्याला सुद्धा येत नाहीत.

मिरजेची आपा

भाई तुमची काळजी खरी आहे आणि आखिरत शिकवायची नाही असं कुणीच म्हणत नाहीये. पण कधी आणि कशी हा सवाल आहे ना. तुम्ही म्हणता त्या आयतीत पण आधी स्वतःला वाचवा आहे, मग घरच्यांना.

आणि हजरत लुकमानची नसीहत बघा, सूरे लुकमान, आयत १३ ते १९. आपल्याकडे मुलांच्या तरबियतचा एवढा सुंदर सिलसिला दुसरा नाही. बाप मुलाला वारंवार माझ्या बाळा म्हणून बोलावतो. आधी तौहीद, म्हणजे अल्लाह एकच. मध्ये अल्लाह स्वतः आईबापांचा हक सांगतो, आईने त्रासावर त्रास सोसून पोटात वागवलं ते, आणि आईबाप शिर्क (अल्लाहशी दुसऱ्याला भागीदार मानणं) करायला लावत असतील तर ऐकू नको, तरीही दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने राहा. मग मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट एखाद्या खडकात, आसमानात किंवा जमिनीत लपलेली असली तरी अल्लाह ती समोर आणेल. म्हणजे अल्लाह बघतोय हे आहेच त्यात! पण धमकीच्या सुरात नाही, माझ्या बाळा म्हणत आहे. त्याच्यानंतर नमाज, सब्र, आणि शेवटी काय, लोकांकडे गाल फुगवून बघू नको, जमिनीवर अकडून चालू नको, आवाज खाली ठेव. वॉचमन काकांचा सवाल इथे आला की नाही?

मी वर्गात एक करते. अल्लाह बघतोय हे वाक्य मूल काही चुकीचं करताना मी बोलतच नाही. एखाद्या मुलीने पडलेला खडू गपचूप उचलून ठेवला, कुणी आपली पेन्सिल दुसऱ्याला दिली, तेव्हा तिच्या कानात सांगते की बाकी कुणी बघितलं नाही, अल्लाहने बघितलं हं. चेहरा असा खुलतो त्यांचा! आपण अल्लाहचं नाव फक्त पकडायला आलेल्या माणसासारखं घेतलं तर मूल त्याच्यापासून पण लपायला शिकेल, जसं आपल्यापासून लपतं.

बहन, आता तुमच्या शेजारच्या गोष्टीबद्दल, मला ती सगळ्यात जास्त लागली. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा ते घरच्यांना विचारत राहिले, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का, यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का? आणि मग हुजूरांची हदीस सांगितली की जिब्रीलनी शेजाऱ्याबद्दल मला इतकी ताकीद केली की वाटलं त्याला वारसदारच करतील. सहाबींच्या घरात शेजारी म्हटल्यावर बिगर-मुस्लिम शेजारी पण धरला जायचा, तोही अगोदर. सूरे अनआममध्ये तर सरळ मनाई आहे की ते अल्लाहशिवाय ज्यांना पुकारतात त्यांना वाईट बोलू नका. आपलं अकीदा (श्रद्धा) आपल्या जागी पक्कं, आपण पूजा करत नाही हे मुलाला नीट शांतपणे सांगायचं, पण कोण जन्नतमध्ये आणि कोण जहन्नममध्ये जाणार हा निकाल नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात नाही, आपल्या पण नाही. त्याला हे दोन वेगळे करून सांगा, मुलांना समजतं.

कळंबोलीची अम्मी

जजाकल्लाह खैर सगळ्यांना, रात्री मुलं झोपल्यावर बसून सगळं वाचलं. मास्तर तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, अनस (र.) यांची हदीस ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, नंतर म्हणाल्या हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं गं.

आपा, एक विचारू? दोस्ताला सॉरी म्हणायला मी त्याला नेऊ का सोबत? मला वाटतं जबरदस्तीने नेलं तर तो तोंडदेखलं सॉरी म्हणेल. पण गेलंच नाही तर काकूंना काय वाटेल. आणि अजून एक अडचण, मकतबची पुस्तकं उर्दूत आहेत, ह्याचं उर्दू अगदीच कच्चं, घरात आम्ही कोकणी बोलतो, शाळेत इंग्लिश. त्यामुळे दुआचा अर्थ विचारला तर गप्प बसतो.

मिरजेची आपा

काकूंकडे तुम्ही स्वतः आधी जा, एकट्या. ते मोठ्यांमधलं आहे, ते मुलाच्या डोक्यावर नको. मुलाशी नंतर बोला, त्याला फक्त विचारा की तो रडला तेव्हा तुला काय वाटलं. उत्तर नाही दिलं तरी चालेल. मग इफ्तारीला नेता तशी एखादी प्लेट घेऊन त्याला पाठवा, काय बोलायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. मुलांचं आपापसात आपल्यापेक्षा लवकर जमतं.

भाषेचं म्हणाल तर हा फार मोठा मुद्दा आहे आणि आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही. अरबी तिलावत अरबीतच, ती सही शिकलीच पाहिजे. पण अर्थ आणि किस्से मुलाच्या घरच्या बोलीत सांगा, कोकणी तर कोकणी. अल्लाहला सगळ्या भाषा समजतात. मराठीत कुरआनचं भाषांतर मिळतं, तुम्ही स्वतः आठवड्याला दहा-बारा आयती वाचा आणि रात्री झोपताना त्यातलं एखादं सांगा. अबू उमैरचा किस्सा सांगा त्याला, अनस (र.) यांचा छोटा भाऊ, त्याच्याकडे एक छोटासा पक्षी होता, तो मेला तर हुजूर (स.) त्या पोराला भेटले की विचारायचे, अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं? एवढ्या मोठ्या कामाच्या माणसाने एका पोराच्या चिमणीची चौकशी केली. माझ्या वर्गातली मुलं हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

पुण्याची वाचक

मी मुस्लिम नाही पण धागा पूर्ण वाचला. माझी मुलगी संस्कार वर्गाला जाते, श्लोक धडाधड म्हणते, आणि घरी कामवाल्या मावशींना अगं तुगं करते. त्यामुळे कळंबोलीच्या ताईंचं वाचताना अगदी माझंच घर दिसत होतं. आपांनी खडूचं जे सांगितलं ते मी करून बघणार आहे. आणि ताई, शेजारच्या काकूंच्या जागी मी असते तर तुम्ही येऊन बोललात हेच मला पुरे झालं असतं.

बर्मिंगहॅमकर

लुकमानचं वाचलं पुन्हा, मुलांना घेऊन बसलो होतो फजरनंतर. मोठ्याने विचारलं की अब्बा हे सगळं एका बापाने मुलाला सांगितलंय तर मुलगा काय म्हणाला ते का नाही लिहिलं. मला उत्तर देता आलं नाही पण बऱ्याच दिवसांनी त्याने स्वतःहून काही विचारलं. भीतीबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण क्रम आपा म्हणतात तसा असावा हे मान्य.

दादीच्या फोनवरच्या व्हिडिओचं कुणीच काही बोललं नाही, माझ्या मते खरी गोम तिथे आहे. आमच्याकडे पण मुलांना दीन आता मदरशापेक्षा जास्त फोनवरून मिळतोय, तीस सेकंदात कुणीतरी ओरडून काफिर-मुशरिक करून जातो, पुढची क्लिप सुरू, आणि पाठीमागे नशीद (दीनी गाणं) लावलेलं असल्यामुळे घरच्यांना वाटतं चांगलंच बघतोय. ताई, ऑटोप्ले बंद करा पहिलं. आणि मुलांच्या अब्बांना सांगा, कतारवरून व्हिडिओ कॉलवर सबक किती झाला हे विचारण्याआधी आज कुणाशी खेळलास ते विचारा.

खेडचे मास्तर

बर्मिंगहॅमकर बरोबर बोलले. लांब राहणाऱ्या बापाबद्दल मीही लिहिणार होतो, आपल्या कोकणात अर्धी घरं अशी आहेत. बाप दोन वर्षांनी येतो, खेळणी आणतो, आणि पंधरा दिवसांत सगळी तरबियत उरकायला बघतो. अकरा बिन हाबिस नावाच्या सरदाराने हुजूरांना (स.) त्यांच्या नातवाचं, हसनचं, चुंबन घेताना पाहून म्हटलं होतं की मला दहा मुलं आहेत, मी एकाचंही कधी घेतलं नाही. तेव्हा हुजूर म्हणाले, जो रहम करत नाही त्याच्यावर रहम केला जात नाही. फोनवरून चुंबन घेता येत नाही, पण ऐकून घेता येतं.

बेटी, उस्तादांना पण एकदा भेटून ये. तक्रार म्हणून नाही. त्यांना सांग की मुलगा घरी असं असं बोलला, तुम्ही वर्गात शेजाऱ्याच्या हकची हदीस घ्याल का. मगरीबच्या आधी जा, सबक सुरू झाल्यावर त्यांना मान वर करायला फुरसत नसते.